थांबलं की जाऊ

आता मी वाशिमले राहतो, भाड्याच्या खोलीत. खालच्या मजल्यावर एक नवी नवरी आली आहे, ते परवा जिन्यात मले हळूच विचारते, ताई, बाईच्या डाक्टरकडं पहिल्यांदा जायचं तर काय तयारी करा लागते वो? मी म्हटलं, काहीच नाही, आंघोळ कर, जुने कागद घे आन जाय. एवढं बोलून मी वर आली, कुकर लावला, आन कुकरपाशी उभ्या उभ्या मले माही तयारी आठवली. माही तयारी तं आठ दिवस चालली होती. आठ दिवस कायचे, पुरे दोन महिने म्हणा.

तवा आमी गावात होतो, केनवडच्या अलीकडं, रोडपासून आत. आमची भाजीची वाडी होती. वांगे, भेंडी, दोडके, कारले, सांबार म्हणजे कोथिंबीर, ज्या दिवसात जे यीन ते. सकाळी तोडाचं, ओल्या पोत्यात बांधाचं, आन पोरीचे बाबा मोटरसायकलवर लादून बाजाराले नेत. घरात आमी चारच. ते, मी, माही सासू, जिले मी आत्याबाई म्हणतो, आन माही पोट्टी. दीड वर्षाची होती, भिंत धरून धरून चाले आन मधातच हात सोडून हासे.

पोट्टी अंगावर पीत होती तवर मले काही आलंच नाही. मंग आलं तं असं आलं का जायाचं नावच घेईना. दहा दिवस, चौदा दिवस. मधात थोडं दम खाये, परत सुरू. मी तेवीस वर्षाची, नववीत शाळा सुटलेली, मले काय समजते. मले वाटे बाळंतपणातलं साचलं असन, निघून जाईन. पण अंगातलं सारंच निघून चाललं होतं. दोन बादल्या उचलल्या का धाप लागे. पोट्टीले कडेवर घेऊन उंबरा चढली का डोळ्यापुढं काळे ठिपके नाचत, मी चौकट धरून उभी राहे, आन पोट्टीले वाटे माय खेळून राह्यली.

आमच्या घरी बाजूला बसाची रीत होती. पहिलेच्या काळच्या बायकाईसारखं गोठ्यात नाही, घरातच, पण देवाजवळ नाही, चुलीजवळ नाही, आन वाडीत तं बिल्कुल नाही. बाजूला बसलेल्या बाईची सावली पडली का दोडक्याचं फूल गळते, असं आत्याबाई म्हणे. मंग त्या दिवसात भाजी तोडाले त्या एकट्या जात. मी ओसरीवर कांबळीची घडी टाकून बसे. आता खोटं कायले बोलू, मले ते ओसरीवरचं बसणं आवडेबी. सकाळी सकाळी वाडीतून ओल्या सांबाराचा वास ये, आत्याबाई दिसत नसत पण येलाच्या मागून त्याईचं बोलणं ऐकू ये. त्या कारल्याले बोलत, भेंडीले बोलत, आन मधातच मलेबी बोलत, "तिथं बसून हासून काय राह्यली वं, इथं कंबर मोडून राह्यली माही!" पोट्टीले विटाळ नसते, ते माह्यापासून त्याईच्यापाशी आन त्याईच्यापासून माह्यापाशी फिरे. तिच्या मुठीत कधी भेंडी असे, कधी माती.

आता चूक काय झाली ते सांगतो. दवाखान्यात जायाचं असं घरात ठरलं. पण बाजूला असतानी दवाखान्यात कसं जायाचं? डाक्टरीन बाई हात लावन काय? आत्याबाई म्हणे, "थांबलं की जाऊ." मलेबी तेच खरं वाटे. अशा हालतीत कोणी कोणापुढं जाते काय, मले तं विचारानंच घाम फुटे. मंग थांबे. थांबलं का पोरीचे बाबा म्हणत, "थांबलं ना आता? मंग कायले जातं? सोंगणी-कापणीचे दिवस आहेत." मलेबी वाटे हाव बाई, बरी झाली मी. मी डोक्यावरून पाणी घेऊन चुलीपाशी जाये. आन आठ-पंधरा दिवसाईत परत कांबळीची घडी. सुरू आहे म्हणून जाता येत नाही, थांबलं म्हणून जायाचं काम नाही. असे दोन फेरे झाले, आन आमच्या तिघाईतल्या एकाच्याबी ध्यानात नाही आलं का आपण काय करून राह्यलो.

खरं सांगू तं मले ते बरंच होतं. मले जायाचंच नव्हतं. त्याचं कारण शेजारची काकू.

काकूची पिशवी काढलेली होती. तिचंबी माह्यासारखंच जात होतं, तिशीचीबी नव्हती ते. तिच्या मालकानं कागदावर सही केली आन त्याच दिशी काढून टाकली. काकू कुंपणावरून मले म्हणे, "काढून टाक वं तूबी. एकडाव मोकळी झाली का झाली. मले पाह्य, कशी रिकामी!" असं म्हणे आन कुंपणापासून घरापर्यंत जाताजाता दोनदा कमरेवर हात ठेवून थांबे. मले ते थांबणं दिसे. मले अजून एक लेकरू पाहिजे होतं. पोरगं पाहिजे असं नाही, दुसरं पाहिजे होतं, पोट्टीले कोणीतरी. आन नुसतं लेकरासाठीबी नाही. माह्या पोटातलं कोणी काढून बाहेर ठेवन, आन मी रिकाम्या डब्यावानी घरी यीन, या गोष्टीचंच भेव बसलं होतं. सही माही थोडीच लागन, सही तं पोरीचे बाबा करतीन. ते साधे माणूस, डाक्टर म्हणन तिथं सही करतीन. आन आत्याबाईले काय, महिन्याचे पंधरा दिवस सून ओसरीवर बसून राहते, त्याईले तं पिशवी काढलेली सूनच कामाची. असं मी मनात धरून चालली.

मंग एक दिवस आशाताई आली, गावातल्या बायकाईचे दवाखान्याचे कामं पाहते ते. पोट्टीच्या लसीचं विचाराले आली होती. मी उठली तिले पाणी द्याले, आन ओसरीवरच मटकन खाली बसली. आशाताईनं माह्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाह्यली, म्हणे, "अवं, हे तं कागदासारखं पांढरं आहे. किती दिवसाचं आहे हे?" आत्याबाई म्हणे, "थांबलं का नेतो ना तिले."

"थांबलं का?" आशाताई म्हणे. "मावशी, म्हैस दुखण्यानं लाथा मारून राह्यली, तं तुमी डाक्टरले कवा बोलावता, लाथा मारणं थांबल्यावर?"

आत्याबाई म्हणे, "पण अशी नेली तं डाक्टरीन बाई पाहीन काय?"

"तेच तं पाहाचं आहे त्याईले!"

आत्याबाई उठून वाडीत गेली. त्या दिशी कारल्याले काही बोलल्याचं ऐकू नाही आलं मले.

पुढच्या बुधवारी जायाचं ठरलं, रिसोडले, बाईच्या दवाखान्यात. पोरीचे बाबा मळणीयंत्रावर अडकले होते, म्हणून मी आन आत्याबाई. आन मंग सुरू झाली माही तयारी.

पहिले साडीचं. काकू म्हणे नवी नेसू नको, पैसेवाली समजतीन. आत्याबाई म्हणे जुनी नेसू नको, भिकारी समजतीन. मंग हिरवी नेसाची ठरली, जे दोनदाच धुतली होती. परकराले नवा नाडा ओवला, कारण मले एकच भेव, तपासाच्या टाइमाले गाठ बसली आन सुटलीच नाही तं? मी तीनदा बांधून सोडून पाह्यली. नखं कापले. टाचा घासल्या, दगडानं घासून घासून लाल केल्या, जशी काही डाक्टरीन बाई टाचाच पाहणार होती. आन एक गोष्ट विचाराची राह्यली होती, ते मी काकूले कुंपणापाशी लय लाजत विचारली, का बाई, तिथलं साफसूफ करा लागते काय वो? काकू एवढी हासली का तिच्या डोळ्यातून पाणी आलं. "अवं, ते रोज दहा पाह्यते, तुह्यात काय सोनं आहे?" म्हणे. मीबी हासली. तेवढ्या दिवसाईतलं ते एकच हासणं.

मंग बोलाची तयारी. सांगाचं कसं? कोणत्या शब्दात? घरात तं आमी 'बाजूला' म्हणून सोडून देतो, डाक्टरले बाजूला म्हटलं तं समजन काय. मी पोट्टीले पुढं बसवून सांगून पाहे. म्हणे, "बाई, मले लय जाते." पोट्टी मुंडी हालवे. म्हणे, "बाई, माही पिशवी काढू नका." पोट्टी टाळ्या वाजवे.

आन शेवटची तयारी म्या कोणाले न सांगता केली. माहं आधारकार्ड होतं ना, ते म्या ज्वारीच्या कोठीत खाली दाबून ठेवलं. माह्या डोक्यानं असं धरलं का आधार नसलं तं आपरेशन करत नाहीत. राशनचं काम आधारबिगर होत नाही, बँकेचं होत नाही, मंग पिशवीचं कसं होईन? मले लय हुशार वाटलं माहंच मले.

बुधवारी काळीपिवळी जीपमधी बसून निघालो. आशाताईनं सांगतलं होतं, पोटाचा फोटो काढतीन तं पाणी पिऊन जाजो. किती ते नव्हतं सांगतलं. म्या घरूनच एक बाटली संपवली, दुसरी गाडीत. रिसोड येईपर्यंत मले काही सुचेना, ना भेव ना पिशवी, एकेक खड्डा म्हणजे परीक्षा. आत्याबाई पोट्टीले मांडीवर घेऊन माह्याले चिकटून बसल्या होत्या, जागाच नव्हती. ते पहिल्यांदा मी बाजूला असतानी त्याईच्या खांद्याले खांदा लावून बसली. त्या एकडाव सरकल्या, जागा नाही पाह्यलं, परत आल्या. "घरी गेल्यावर पाणी घेईन डोक्यावरून," म्हणे. कोणाले म्हणे काय माहीत, मले का देवाले.

दवाखान्यात बाकडे भरलेले. पोट असलेल्या बाया, पोट नसलेल्या बाया, एक कालेजातली पोरगी मोबाईलमधी तोंड घालून. मी सगळ्याईचे चेहरे पाहे, कोण काढाले आली, कोण काढून आली. खिडकीतली पोरगी म्हणे, आधार आहे काय? मी लगेच म्हटलं, "नाही, घरी राह्यलं." माहं मन एवढं हलकं झालं का विचारू नका. आन आत्याबाईनं पोलक्यातून कार्ड काढून खिडकीवर ठेवलं. त्याले ज्वारीचा भुसा लागलेला होता. पदरानं पुसलं त्याईनं.

"हे ज्वारीत काय करून राह्यलं होतं?" बाकड्यावर बसल्यावर त्याईनं मले विचारलं. मी खाली पाहे. त्याईनं दळणाले ज्वारी काढली तवा हाताले लागलं असन. माह्या नाकातून पाणी याले लागलं. आत्याबाईनं मले पाह्यलं, मंग समोरच्या भिंतीकडं पाह्यलं, तिथं बाईच्या पोटातलं एक मोठं रंगीत चित्र होतं. लय वेळ पाह्यलं त्याईनं ते चित्र.

आमचा नंबर लागला. डाक्टरीन बाई माह्यापेक्षा दहा-बारा वर्षानं मोठी असन, केस बारीक, आवाज शांत. म्हणे, "बसा. काय त्रास आहे?"

मी तोंड उघडलं. पोट्टीपुढं पाठ केलेलं एक अक्षर निघालं नाही.

त्याच्या आंदी आत्याबाईच बोलल्या. उभ्या उभ्या, पोट्टी कडेवर. म्हणे, "बाई, पयले एक सांगतो. पिशवी काढाची असन तं आमी असेच उठतो. एकच पोट्टी आहे तिले. आन चार असते तरी उठलो असतो."

मी त्याईच्याकडं पाहतच राह्यली. डाक्टरीन बाई हासली नाही. म्हणे, "बसा मावशी. अजून मी बघितलंच नाही. आधी मला सांगा, शेवटची पाळी कधी आली? तारीख आठवते का?" हे मले विचारलं होतं. मले काय तारीख! मी म्हटलं, "लय दिवस झाले."

"किती दिवस चालते? मध्ये किती दिवस थांबते?"

"लय," मी म्हटलं. डाक्टरीन बाईनं पेन खाली ठेवला.

तवा आत्याबाई बसल्या, आन त्याईनं सांगाले सुरुवात केली, जसं कोणी पोथी वाचते. "पोळ्याच्या करीच्या दिशी सुरू झालं. मी पहाटी वांगे तोडाले गेली, हे उठलीच नाही. गणपती बसले, सुरूच. महालक्ष्म्याईच्या जेवणाले हे बाजूला, पुरणपोळ्या म्या एकटीनं लाटल्या, साठ. गणपती शिरवले त्या दिशी थांबलं. मंग पित्तरपाट्यात चांगली होती, दोडके तिनंच तोडले. घट बसले त्याच सकाळी परत सुरू. दसऱ्याचं सोनं वाटेपर्यंत चाललं. मंग पाच दिवस थांबलं, कोजागिरीचं दूध तिनंच आटवलं. दुसऱ्या दिशी परत सुरू झालं, ते आजपर्यंत आहे."

डाक्टरीन बाई टेबलावरचं कॅलेंडर पुढं ओढून एकेका सणावर गोल करत होती. सारं झाल्यावर म्हणे, "मावशी, तुम्ही हे कुठं लिहून ठेवलं होतं?"

"लिहता कोणाले येते बाई," आत्याबाई म्हणे. "हे बाजूला बसली का सारी वाडी मले तोडा लागते. माही कंबर इसरत नाही."

आता डाक्टरीन बाई हासली.

मंग मले पडद्यामागं नेलं. नाडा सुटला, पहिल्या झटक्यात. मी बाईले म्हटलं, "मी बाजूला आहे, तुमाले चालन काय?" म्हणे, "मला रोज चालतं." पण माहे गुडघे जवळ याले पाहत. डाक्टरीन बाई म्हणे, दम घ्या, सोडा. मले दम घेणंच जमेना. मंग पडदा हालला, आन आत्याबाईचा हात आत आला. नुसता हात, त्या स्वतः भाईरच होत्या, तोंड तिकडं करून. तो हात माह्या डोक्यावर कुठं तरी पडला, मंग कानावर, मंग त्याले माहं मनगट सापडलं. कारल्याच्या येलाचा हिरवा वास त्या हाताले होता, त्यातून कवा जातच नव्हता तो. "घे दम," भाईरून आवाज आला. "लवकर घे, पोट्टीनं इथं टेबल ओलं केलं."

फोटो झाला. रक्त काढलं. परत बसवून ठेवलं आमाले, मंग बोलावलं. डाक्टरीन बाई मलेच सांगे, आत्याबाईले नाही, मले. "तुमच्या पिशवीला काही झालेलं नाही. गाठ नाही, काही नाही. हार्मोनची गडबड आहे, बाळंतपणानंतर होते कधी कधी. रक्त मात्र फार कमी झालंय. तीन महिने गोळ्या घ्यायच्या, रक्ताच्या वेगळ्या. पुन्हा दाखवायला यायचं, थांबलेलं असो की नसो. आणि पिशवी तुमची आहे, ती तुम्हाला विचारल्याशिवाय कोणी काढू शकत नाही. कळलं?"

मी मुंडी हालवली. "दुसरं लेकरू?" मी विचारलं. माह्या तोंडातून निघालेलं ते पहिलं धडाचं वाक्य.

"होईल. आधी रक्त भरू द्या. घाई करू नका."

मी रडली. तिथंच, त्या खुर्चीत. आत्याबाई म्हणे, "आता काहून रडतं? आता तं चांगलं सांगतलं." आन डाक्टरीन बाईले म्हणे, "हे अशीच आहे, टीव्ही पाहूनबी रडते."

संध्याकाळी घरी आलो तं काकू कुंपणापाशी उभीच. म्हणे, "काय झालं? कवाची तारीख देली आपरेशनची?" मी म्हटलं, "तारीख नाही देली काकू. गोळ्या देल्या." आन पिशवी उघडून दाखवल्या, तीन पाकिटं.

काकूनं एक पाकीट हातात घेतलं. वाचता येत नव्हतं तिले, पण उलटसुलट करून लय वेळ पाह्यलं. "याईनंच होते?" म्हणे.

"हाव, तीन महिने."

"माह्या टाइमाले होत्या काय ह्या गोळ्या?"

आत्याबाई डोक्यावरून पाणी घ्याले चालल्या होत्या, त्या बादली धरून थांबल्या. नव्हत्या म्हणाव तं खोटं होईन, होत्या म्हणाव तं कसं म्हणाव. मी म्हटलं, "मले नाही माहीत काकू." काकूनं पाकीट परत माह्या हातात देलं, एकेक बोट सोडवत, आन म्हणे, "टाइमावर घेत जाजो. रोज. मी सकाळी कुंपणावरून आवाज देत जाईन तुले."

आन तिनं देला. तीन महिने, रोज सकाळी, आत्याबाई वाडीत जायाच्या आंदी, कुंपणावरून आवाज ये, "घेतली काय वं?" मी घरातून म्हणे, "घेतो!" तरी ते तिथून हालत नसे. मी ओसरीवर येऊन, तिच्या समोर, घोटभर पाण्यासंगं गोळी गिळून दाखवे, तवाच ते कमरेवर हात ठेवून आपल्या घराकडं जाये.